अमेरिकेतले शिक्षण : जाहीर फी आणि घरचा हिशेब



या पत्रिकेत आपण बेणे, खोडवा, पाचट, ठिबक यांविषयी नेहमीच लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. गेली दोन-तीन वर्षे गट कार्यालयात पाय ठेवला की उसाच्या बिलाबरोबर आणखी एक प्रश्न कानी पडतो. "पोराला अमेरिकेला धाडायचं म्हणतोय, किती लागतील?" कोणी विचारतो, "कारखान्यातली ठेव मोडता येईल का?" कोणी त्याच्याही पुढे जातो, "दोन एकर काढलं तर भागंल का हो?" या शेवटच्या प्रश्नामुळेच हा लेख लिहावा लागला.

मध्यंतरी डिस्टिलरीच्या रसायनांच्या चौकशीसाठी आम्हांला पालघर जिल्ह्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जावे लागले. आपले एक जुने सभासद जीपमध्ये आमच्याबरोबर आले. त्यांची कन्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून तेथील एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बोईसरला आणखी दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. सभासदांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. घाट उतरल्यावर आम्ही सहज विचारले, "पिशवीत काय, शेंगा का?" ते म्हणाले, "न्हाय भाऊ, सातबारा हाय."

मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. पंधरा दिवसांत पहिले पैसे भरावयाचे होते. म्हणून बाप सातबारा घेऊन निघाला होता.

तारापूर आणि अमेरिका

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. तेथे ऊस नाही. भात आहे, डहाणूकडे चिकूच्या वाड्या आहेत, केळवे-माहीमकडे पानवेली आहेत आणि डोंगरपट्ट्यात आदिवासी पाडे आहेत. बोईसर स्टेशनात लोकल थांबली की निम्मा डबा वसाहतीकडे रिकामा होतो. देशभरची माणसे तेथे पोटासाठी आली आहेत. आपल्या भागातली पोरेही त्यांत आहेत.

या गावाचा अमेरिकेशी संबंध मात्र आजचा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. १९६३ साली दोन्ही देशांचा करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. इंधन तीस वर्षे अमेरिकेने पुरवावयाचे, असे करारात लिहिलेले होते. पुढे १९७४ साली पोखरणची चाचणी झाली, १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि इंधनाचा पुरवठा अडला. अखेर १९८२ साली फ्रान्सकडून इंधन घेण्याची वाट निघाली. केंद्र बंद पडले नाही, पण करारावर विसंबून राहता येत नाही हा धडा तारापूरने तेव्हाच घेतला. हे आम्हांला तेथल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी सांगितले. त्यांच्याकडे रविवारी बोईसर-पालघरची पाच-सहा पोरे परदेशी शिक्षणाचा सल्ला विचारायला जमतात. हे गृहस्थ फी घेत नाहीत, चहा मात्र आपला पाजतात.

सभासदांची कन्या आम्हांला त्यांच्याकडेच घेऊन गेली.

आलेल्या पत्राचा हिशेब

प्रवेशपत्र एका मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठाचे होते. एका सल्लागार कचेरीने ते मिळवून दिले होते. पत्रावर ठळक अक्षरांत छापले होते, दहा हजार डॉलरची शिष्यवृत्ती. घरात पेढे वाटून झाले होते.

अभियंत्यांनी वही पुढे ओढली. आम्ही तो हिशेब जसाच्या तसा येथे देतो. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरला आहे. सभासदांनी वाचताना त्या दिवसाचा दर घालावा.

अमेरिकेत एम.एस.ची फी बहुधा 'क्रेडिट'वर असते. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे माप, आपल्याकडे जसा टन. या अभ्यासक्रमाला ३६ क्रेडिट होते, दर क्रेडिटला १,५०० डॉलर. म्हणजे ५४ हजार. राहणे-जेवणे वर्षाला २४ हजार, दोन वर्षांचे ४८ हजार. आरोग्यविमा सक्तीचा, दोन वर्षांचे ६ हजार. एकूण १ लाख ८ हजार डॉलर. त्यातून शिष्यवृत्तीचे दहा हजार वजा केले तर उरले ९८ हजार. रुपयांत ८८ लाख २० हजार. विमानभाडे, व्हिसा वेगळे.

सभासदांनी आकडा ऐकला आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

मग अभियंत्यांनी दुसरे पान काढले. हे विद्यापीठ एका लहान गावातले, राज्य सरकारचे. शिष्यवृत्ती एक पैशाची नाही. अभ्यास ३० क्रेडिटांचा, दर ७०० डॉलर, म्हणजे २१ हजार. इतर सक्तीच्या फिया ३ हजार. राहणे-जेवणे वर्षाला १२ हजार, दोन वर्षांचे २४ हजार. विमा ५ हजार. एकूण ५३ हजार डॉलर, रुपयांत ४७ लाख ७० हजार.

शिष्यवृत्तीवाले ८८ लाखांना आणि बिनशिष्यवृत्तीचे ४८ लाखांना. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक ठिकाणी वेगळे निघतील, पण पद्धत हीच. आपण सभासदांना हे नव्याने सांगावयास नको. जाहीर झालेला दर निराळा आणि तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली जाऊन पासबुकात पडलेली रक्कम निराळी. आपण बिल हातात पडल्यावर दोन्ही आकडे पाहतो. अमेरिकेच्या पत्रावर मात्र आपण फक्त दर वाचतो आणि पेढे वाटतो.

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढलेली कॉलेजे

ही लहान गावांतली सरकारी विद्यापीठे मुळात आली कोठून, हे आपल्या सभासदांना ऐकावेसे वाटेल. १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारने राज्यांना जमीन द्यायची, राज्यांनी ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढायची, असा तो कायदा. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना शिकता यावे हा हेतू. त्यातली पुष्कळ जमीन तेथल्या आदिवासींकडून काढून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. आयोवा स्टेट, कॅन्सस स्टेट, ऑरेगॉन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट, लुइझियाना स्टेट ही सारी या परंपरेतली विद्यापीठे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाची तर 'ऑडुबॉन शुगर इन्स्टिट्यूट' ही साखर संशोधनाची संस्थाच आहे. तेथे ऊस होतो, गाळप होते आणि उताऱ्याची चिंताही असते.

आपल्या माणसांनी हा रस्ता फार पूर्वी पाहिला आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत पोचले. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत ते ऑरेगॉनच्या कृषी कॉलेजात आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शिकले. स्वातंत्र्याच्या लढ्यात असल्याने त्यांना मायदेशी परतता येईना, म्हणून ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर काम करून नावाजले. २०२२ साली तेथे त्यांचा पुतळा उभा राहिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. त्याच्याही आधी, १८८३ साली, कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकण्यास गेल्या. अमेरिकेत उतरल्यावर न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या.

कोणी महाराजांच्या पैशावर गेले, कोणी स्वतःच्या अंगमेहनतीवर, कोणाला परक्या माणसांनी घर दिले. एकदाच तीन वाटा सांगता येतात त्या अशा, आणि आजच्या मुलांनाही त्याच शोधावयाच्या आहेत. खानखोज्यांची वाट मात्र आज जशीच्या तशी चालत नाही. विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही. आवारात वर्ग चालू असताना आठवड्याला २० तास, इतकीच मुभा. "तिकडं गेला की हॉटेलात काम करून फी भरंल" असे जो कोणी सांगतो तो पोराला बेकायदा कामात ढकलतो. व्हिसा गेला तर फीही गेली.

स्वस्त विद्यापीठ शोधावयाचे कसे

अभियंत्यांनी पोरांना जे सांगितले त्याचे सार आम्ही पुढे देतो.

पहिली गोष्ट, पदवी चालते का ते पाहावे. आपली बी.एस्सी., बी.कॉम. पूर्वापार तीन वर्षांची. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीवर काही विद्यापीठे एम.एस.ला घेतच नाहीत, काही घेतात. अर्जाची फी एकेका ठिकाणी ५० ते १०० डॉलर असते. आधी विभागाला ई-मेल करून विचारावे, मग अर्ज करावा. फी माफ होईल का, हेही त्याच पत्रात विचारावे. पुष्कळ विभागांनी जी.आर.ई. परीक्षेची अट काढली आहे. नको त्या परीक्षेवर पैसे घालवू नयेत.

दुसरी गोष्ट, बाहेरच्यांची फी आणि राज्यातल्यांची फी. सरकारी विद्यापीठात त्या राज्याच्या रहिवाशाला कमी फी आणि बाहेरच्याला जास्त. परदेशी विद्यार्थी बाहेरचाच. पण काही ठिकाणी ही भिंत ओलांडता येते. टेक्सास राज्याच्या कायद्यानुसार स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला रहिवाशाच्या दराने फी लावता येते. अशा विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा आहे, तरी हजाराची शिष्यवृत्ती दहा हजारांचे काम करून जाते. शिष्यवृत्तीचा आकडा पाहू नये, तिच्या पोटात काय आहे ते पाहावे, ते यासाठी.

तिसरी गोष्ट, असिस्टंटशिप. विद्यार्थ्याने आठवड्याला बहुधा २० तास पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे किंवा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. त्याबद्दल विद्यापीठ फी माफ करते आणि वर महिना वेतन देते. पीएच.डी.ला हे सर्रास मिळते. एम.एस.ला कमी, पण प्रबंध लिहावयाचा असेल तर मिळू शकते. रसायन, शेती, माती, कीटक, अन्नप्रक्रिया, साखर या विषयांत प्राध्यापकांना हातांची गरज असते. येथे तारापूरच्या प्रयोगशाळेतला अनुभव उपयोगी पडतो. कोणत्या यंत्रावर काम केले, किती नमुने तपासले, हे प्राध्यापकाला थेट पत्र लिहून कळवावे. वीस पत्रे लिहिली तर दोन-तीन उत्तरे येतात. बी पेरताना सगळे उगवेल असे आपण कधी धरतो का?

असिस्टंटशिप पूर्ण मिळाली तरी विमानभाडे, व्हिसा, पहिल्या महिन्याचे भाडे-अनामत, विमा यांसाठी घरचे पाच-सात लाख जवळ लागतातच, हे ध्यानी ठेवावे. बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या रिवाजाप्रमाणे अशा मदतीचे होय-नाही कळवावयाची तारीख १५ एप्रिल ही आहे. 'आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल' असा धाक कोणी घातला तर ही तारीख आठवावी.

चौथी गोष्ट, बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी. हा रस्ता अधिक महाग, कारण वर्षे चार. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी मुलाचीही ऐपत पाहत नाहीत आणि घेतल्यावर गरजेइतकी सारी मदत करतात. केंटकी राज्यातले बेरीया कॉलेज कोणाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेत नाही, मुलाला तेथे काम करावे लागते. पण या सगळ्यांत प्रवेश फार थोड्यांना. हुशार पोराने अर्ज जरूर करावा, मात्र घराचा हिशेब त्यावर बांधू नये. पदवी इकडे कमी खर्चात करून पुढच्या शिक्षणाला तिकडे जाणे, हे आपल्यासारख्या घरांना बहुधा परवडते.

पाचवी गोष्ट, स्वस्त आणि बोगस यांतला फरक. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली नावाच्या विद्यापीठावर अमेरिकी सरकारने छापा घातला. तेथे नाव घातलेली बहुतेक मुले भारतीय होती. पदवी गेली, पैसे गेले, पायात माग काढणारी कडी घालून काही मुलांची चौकशी झाली. विद्यापीठाला मान्यता कोणाची आणि परदेशी विद्यार्थी घेण्याचा सरकारी परवाना आहे का, हे त्या सरकारच्या यादीत तपासावे. हजेरी न लावता नोकरी करता येईल असे जेथे सांगतात तेथून उठून यावे.

सहावी गोष्ट, सल्ला कोणाचा. पुष्कळ सल्लागार कचेऱ्या विद्यार्थ्याकडून थोडे घेतात किंवा काहीच घेत नाहीत, कारण त्यांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. हा धंदा आहे, त्यात चोरी नाही. पण दलाल आपल्याच गाळ्यावरचा माल दाखवणार. मुंबईत युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनचे कार्यालय आहे. तेथे 'एज्युकेशन-यूएसए'चा सल्ला मोफत किंवा अल्प फीत मिळतो आणि त्यांना कोणत्याही विद्यापीठाकडून दलाली नसते. बोईसरहून लोकलने जाऊन त्याच दिवशी परत येता येते. आपल्याकडच्यांनी फोनवर किंवा ई-मेलवर विचारले तरी चालते.

शिष्यवृत्त्या आणि त्यांची मेख

महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी त्यांच्या विभागाची, मराठा-कुणबी समाजासाठी 'सारथी'ची, खुल्या प्रवर्गासाठीही आहे. पालघरच्या आदिवासी मुलांसाठी डहाणू आणि जव्हार येथे प्रकल्प कार्यालये आहेत. उत्पन्न, वय आणि जागा यांच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

मेख अशी, की यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे लागते. आपण शोधलेले लहान गावातले स्वस्त विद्यापीठ त्या क्रमवारीत नसण्याचा संभव मोठा. तेव्हा याद्या दोन कराव्यात. एक शासनाच्या शिष्यवृत्तीसाठी नामांकित विद्यापीठांची, दुसरी शिष्यवृत्ती न मिळाल्यास आपल्या ऐपतीत बसणाऱ्यांची. एकाच यादीवर सारा भार टाकणारे ऐन वेळी कर्जाकडे धावतात.

मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती १८९२ सालापासून चालू आहे. पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. ही रक्कम परत करावयाची असते, हे मुलांना आधीच सांगावे.

जमीन आणि कर्ज

आता सातबाऱ्याकडे येऊ. सभासदांची समजूत अशी होती की बँक शेतजमीन तारण घेईल. तसे बहुधा होत नाही. बँकांना थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ सालचा कायदा शेतजमिनीला लागू नाही. म्हणून शिक्षणकर्जाला बँका घर, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसी असले तारण मागतात. पालघरसारख्या भागात आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याने वेगळे निर्बंध आहेतच. परिणामी शेतकरी दोनच वाटांनी जातो. एक तर जमीन विकतो, नाहीतर तारणाशिवाय चढ्या व्याजाने खासगी कर्ज उचलतो.

कर्ज किती झेपेल? दरसाल ११ टक्के व्याज आणि फेडीला १० वर्षे धरली तर ५० लाखांचा महिन्याचा हप्ता ६९ हजारांच्या आसपास येतो. २० लाखांचा साडेसत्तावीस हजार. शिवाय शिक्षण चालू असताना आणि नंतरचे वर्षभर हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. अमेरिकेत नोकरी लागली तर ६९ हजार जड नाहीत. पण नोकरी लागेलच असे धरून चालता येत नाही. शिक्षणानंतर वर्षभर काम करण्याची मुभा असते. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना २०१६ सालच्या नियमाने आणखी २४ महिने मिळतात. त्यापुढे एच-वन-बी व्हिसा, आणि तो सोडतीवर. मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून आणावयाच्या कामगारांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. इतक्या घरांच्या हिशेबावर एका रात्रीतल्या हुकमाचा परिणाम होतो. तारापूरच्या इंधनाची कथा अभियंत्यांनी आम्हांला सांगितली ती याच जागी. ते म्हणाले, "तीस वर्षांचा करार देशाला पुरला नाही, मग पोराच्या व्हिसावर घर कसं लावता? कर्ज एवढंच घ्या, की परत यावं लागलं तरी इथल्या पगारात फिटेल."

आम्हांला या साऱ्या चर्चेतले सर्वांत मोलाचे वाक्य हे वाटले. घरी फळ्यावर लिहून ठेवावे असे ते आहे.

पिशवीचे पुढे काय झाले

सभासद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन एकर इकून निम्मं भागंल. तिचाबी वाटा हायेच की जमिनीत."

मुलगी म्हणाली, "अप्पा, वाटा आहे म्हणून विकायचा का? दादूनं त्या दोन एकरांत यंदा पाइपलाइन केली. त्याला विचारलंत?"

दादू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि शेती पाहतो. त्याला कोणी विचारले नव्हते. तेथूनच फोन लावला. तो म्हणाला, "ताईला लागत असंल तर काढा." आणि पुढे काही बोलला नाही. फोन ठेवल्यावर मुलगीच रडली. आम्ही चहाच्या कपाकडे पाहत बसलो.

त्या संध्याकाळी ठरले ते असे. खासगी विद्यापीठाचे पैसे भरावयाचे नाहीत. मुलीने आणखी एक वर्ष तारापूरची नोकरी करावी आणि पगारातून अर्जांचा आणि विमानाचा खर्च साठवावा. गावठाणातले घर तारण देऊन २० लाख, त्यापुढे कर्जाची रेघ ओलांडायची नाही. जमिनीला हात नाही. अर्ज सहाच, त्यांत दोन विद्यापीठे शिष्यवृत्तीसाठी नामांकित आणि चार लहान गावांतली सरकारी. प्राध्यापकांना पत्रे रोज एक.

हा अंक छापावयास जाताना मुलीचा फोन आला होता. अठ्ठावीस पत्रे गेली, चार उत्तरे आली. एका विद्यापीठाने नकार कळवला. एकाने प्रवेश देऊन फीत सूट दिली, पण तो खर्च तिच्या रेघेबाहेर जातो. एका कृषी विद्यापीठाच्या माती-पाणी प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकाने फोनवर तासभर मुलाखत घेतली असून असिस्टंटशिपचा निकाल यावयाचा आहे. "नाहीच आली तर?" आम्ही विचारले. "तर पुढच्या वर्षी परत, काका. खोडवा ठेवतोच ना आपण," ती म्हणाली.

सातबारा पुन्हा ट्रंकेत गेला आहे. सभासद परवा गटात भेटले तेव्हा दादूने लावलेल्या आडसालीची उगवण दाखवायला आम्हांला बांधावर घेऊन गेले. उगवण चांगली आहे.

ज्या सभासदांची मुले-मुली बाहेर जाऊ इच्छितात त्यांनी पैसे भरण्यापूर्वी वर दिल्याप्रमाणे दोन पानांचा हिशेब मांडावा, घरातल्या प्रत्येकाला, शेती पाहणाऱ्यालाही, तो वाचून दाखवावा आणि मगच सही करावी. ज्यांची मुले आधीच तिकडे शिकत आहेत त्यांनी आपला खर्च, कर्ज आणि अनुभव गट कार्यालयात लिहून द्यावा. नाव न छापता तो पुढील अंकांतून इतरांच्या उपयोगी पडेल.